चिठ्ठी, पाकीट आणि वीस डॉलरचं जेवण

मराठीत कट शिजतो, रचला जातो, उधळला जातो. इंग्रजीतला 'कट' म्हणजे नुसता हिस्सा. आपल्याकडे 'कट प्रॅक्टिस' हा शब्द रुळला तो हिश्शाच्या अर्थाने, पण मराठी कानाला आधी कारस्थानच ऐकू येतं, आणि कानाचं काही चुकत नाही. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो, पेशंट त्या लॅबमध्ये किंवा स्कॅन सेंटरमध्ये जातो, महिनाअखेरीला तिकडून डॉक्टरकडे पाकीट येतं. पाकिटातली रक्कम कोणाच्या बिलातून निघाली, हे बिल भरणाऱ्याला कधीच कळत नाही.

या व्यवहाराला जगभर नावं आहेत. फ्रान्समध्ये याला 'डिकोटोमी' म्हणतात, म्हणजे एका फीचे दोन तुकडे. जर्मन वर्तमानपत्रांनी 'फांगप्रेमिए' असा शब्द वापरला. त्याचा अर्थ 'पकडून आणल्याचं बक्षीस'. माशाला लावावा तसा शब्द माणसाला लावलाय, म्हणून तो मला सगळ्यात खरा वाटतो. अमेरिकेत म्हणतात 'किकबॅक'. आणि या किकबॅकच्या मागे लागून अमेरिकेने जे नियम केलेत, ते वाचताना थक्क व्हायला होतं. कायद्याची नजर सासुरवाडीपर्यंत जाते, पार्किंगमध्ये जाते, जेवणाच्या ताटात जाते. तीच थोडी सफर.

दोन कायदे, दोन स्वभाव

पहिला १९७२ सालचा, किकबॅकविरोधी. सरकारी पैशातून होणाऱ्या उपचारांसाठी पेशंट पाठवण्याच्या बदल्यात काहीही देणं किंवा घेणं गुन्हा. देणाराही आत, घेणाराही आत. सुरुवातीला हा किरकोळ गुन्हा होता. १९७७ मध्ये तो गंभीर झाला आणि २०१८ पासून कमाल शिक्षा १० वर्षं तुरुंगवास आणि १ लाख डॉलर दंड अशी आहे. इथे हेतू सिद्ध करावा लागतो.

दुसरा १९८९ चा, 'स्टार्क कायदा' नावाने ओळखला जाणारा. ज्या लॅबमध्ये डॉक्टरचा पैसा गुंतलाय तिथे त्याने मेडिकेअरचा पेशंट पाठवायचा नाही. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्या लोकांचा सरकारी विमा. १९९२ मध्ये हा कायदा लागू झाला तेव्हा तो फक्त लॅबच्या तपासण्यांपुरता होता. १९९५ पासून त्यात एक्स-रे, एमआरआय, फिजिओथेरपी, रेडिएशन, औषधं, कुबड्या-व्हीलचेअर, हॉस्पिटलमधले उपचार असं बरंच काही आलं. या कायद्याला हेतूशी देणंघेणं नाही. 'आमच्या लक्षात आलं नाही हो' हे उत्तर चालत नाही. कराराची मुदत संपली आणि नवा करायचा राहिला, एवढ्यावरूनही हॉस्पिटलं अडकली आहेत.

शांततेचं चिन्ह छापणारा बँकर

हा कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते पीट स्टार्क कॅलिफोर्नियाचे. राजकारणात येण्याआधी त्यांची स्वतःची बँक होती. व्हिएतनाम युद्धाला विरोध म्हणून त्यांनी बँकेच्या इमारतीवर शांततेचं भलंमोठं चिन्ह उभारलं आणि चेकवरही तेच छापलं. नंतर तब्बल ४० वर्षं ते अमेरिकी काँग्रेसमध्ये होते. त्यांना हवा होता साधा, स्वच्छ नियम: जिथे तुझा धंदा, तिथे पेशंट पाठवू नकोस. पण त्यावर अपवाद आले, अपवादांचे अर्थ आले, अर्थांचे खुलासे आले. काँग्रेसमधून बाहेर पडल्यावर हा कायदा रद्दच करावा असं म्हणण्यापर्यंत स्टार्क स्वतः पोचले होते. वकिलांनी त्याला पार गुंतागुंतीचा करून टाकला, ही त्यांची तक्रार होती.

यंत्र आलं की आजार वाढतो

मुळात हा कायदा का लागला? १९८९ मध्ये सरकारी तपासनिसांनी हिशेब मांडला. ज्या डॉक्टरांची लॅबमध्ये मालकी किंवा गुंतवणूक होती, त्यांच्या पेशंटांच्या तपासण्या मेडिकेअरच्या सर्वसाधारण पेशंटांपेक्षा ४५ टक्के जास्त निघाल्या. पुढच्या वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आणखी एक अभ्यास आला. सारखीच लक्षणं असलेले पेशंट घेतले, तर ज्यांच्याकडे स्वतःचं यंत्र आहे ते डॉक्टर एक्स-रे, सोनोग्राफीसारख्या तपासण्या चार पटींहून अधिक वेळा करत होते. फ्लोरिडात तर सुमारे ४० टक्के डॉक्टरांची अशी कुठे ना कुठे गुंतवणूक असल्याचं दिसलं.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो २०१२ चा सरकारी अहवाल. त्यात एकाच डॉक्टरची 'आधी आणि नंतर' अशी तुलना आहे. जे डॉक्टर २००९ मध्ये पहिल्यांदा पेशंटांना स्वतःच्याच यंत्राकडे पाठवू लागले, त्यांनी सांगितलेल्या एमआरआय आणि सीटी स्कॅनची संख्या २००८ च्या तुलनेत २०१० मध्ये सरासरी ६७ टक्क्यांनी वाढली. डॉक्टर तोच, दवाखाना तोच. दोन वर्षांत त्याच्या पेशंटांची डोकी आणि गुडघे एवढे बिघडले असतील का? अशा एकूण जादा तपासण्या २०१० या एका वर्षात सुमारे ४ लाख झाल्या आणि मेडिकेअरला त्यापायी अंदाजे १० कोटी ९० लाख डॉलर मोजावे लागले. यातल्या प्रत्येक डॉक्टरने लबाडीच केली असं मी म्हणत नाही. यंत्र दाराशी असलं की 'काढूनच टाकू एकदा' हे सहज तोंडून निघतं. म्हणून तर स्टार्क कायदा हेतूच्या फंदात पडत नाही.

मेव्हणा चालणार नाही, चुलता चालेल

आता नातेवाइकांचा मुद्दा. लॅब डॉक्टरच्या नावावर नको, मग बायकोच्या नावावर करू, ही युक्ती कायदे करणाऱ्यांनाही ठाऊक होती. म्हणून त्यांनी जवळच्या नातेवाइकांची यादीच बनवली: नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, दत्तक नाती, सावत्र नाती, सासू, सासरे, जावई, सून, मेव्हणा, दीर, नणंद, मेव्हणी, आजी-आजोबा, नातवंडं. एवढ्यावर न थांबता नातवाची बायको आणि आजोबांची दुसरी बायकोही यादीत आहे. इंग्रजीला मेव्हणा, दीर आणि भावोजी यांच्यासाठी एकच शब्द आहे, आपल्याकडे ही यादी छापायला दुप्पट कागद लागला असता. पण गंमत पाहा, काका, मामा, आत्या, मावशी आणि चुलत-मामेभाऊ यादीत नाहीत. म्हणजे नातसुनेची लॅब निषिद्ध आणि सख्ख्या काकांची मोकळी. अर्थात काकांनी पुतण्याला पाकीट दिलं, तर पहिला कायदा आहेच.

पोस्टमन सांगेल ती इमारत

डॉक्टरने स्वतःच्याच दवाखान्यात रक्त तपासलं तर? त्याला मुभा आहे, पण दवाखाना आणि तपासणीची जागा 'एकाच इमारतीत' हवी. इमारत म्हणजे काय, यावरही नियम आहे. अमेरिकेच्या टपाल खात्याने जिला एकच पत्ता दिलाय ती एक इमारत. त्यातून अंगण वगळलं, हिरवळ वगळली, गाड्या लावायची जागा वगळली, आतलं गॅरेजही वगळलं. एमआरआयची यंत्रं ट्रकमध्ये बसवून दवाखान्याच्या मागच्या दाराशी उभी करता येतात. तो ट्रक कितीही चिकटून उभा राहिला तरी तो इमारतीचा भाग होत नाही. हे वाक्य लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नक्की असा एखादा ट्रक असणार.

सुई टोचायला आलेली ताई

१९९४ मध्ये सरकारने लॅबवाल्यांसाठी एक इशारा काढला. तो माझा फार लाडका आहे, कारण तो लिहिणाऱ्याने दवाखान्यात उभं राहून निरीक्षण केलेलं दिसतं. लॅबने रक्त घेण्यासाठी आपली माणसं डॉक्टरच्या दवाखान्यात ठेवली तर चालेल. पण त्या ताईंनी फक्त रक्तच घ्यायचं. त्यांनी मधल्या वेळात पेशंटचं बीपी पाहिलं, फायली लावल्या, फोन उचलले, तर डॉक्टरला फुकटात नर्स मिळाली असा अर्थ होतो आणि ती लाच ठरू शकते. लॅबने कॉम्प्युटर किंवा फॅक्स मशीन दिलं तर त्यावर फक्त त्या लॅबचंच काम व्हायला हवं. दवाखान्यातल्या वापरलेल्या सुयांचा कचरा लॅबने फुकट उचलणंसुद्धा संशयास्पद, जर त्या सुया लॅबच्या नमुन्यांच्या नसतील तर.

इतका कीस कशाला काढायचा, असं वाटेल. पण व्हर्जिनियातल्या हेल्थ डायग्नॉस्टिक लॅबोरेटरीचं काय झालं ते पाहा. ही लॅब डॉक्टरांना रक्ताच्या प्रत्येक नमुन्यामागे २० डॉलरपर्यंत देत होती. नाव होतं 'प्रक्रिया आणि हाताळणी शुल्क'. वीस डॉलर म्हणजे अमेरिकेत एका साध्या जेवणाचे पैसे. २०१५ मध्ये तडजोडीत कंपनीने ४ कोटी ७० लाख डॉलर भरायचं कबूल केलं आणि त्याच वर्षी दिवाळखोरीचा अर्ज केला.

पाकिटाला सोज्वळ नाव देण्याची ही रीत जुनीच. फिलाडेल्फियाचे डॉ. ग्रेबर हृदयाचे ठोके नोंदवणारं यंत्र पेशंटांना लावून द्यायची कंपनी चालवत. पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरला ते मेडिकेअरकडून मिळालेल्या रकमेतले ४० टक्के देत, कमाल मर्यादा ६५ डॉलर, आणि त्याला म्हणत 'अहवाल वाचण्याची फी'. कोर्टात त्यांचा बचाव असा की डॉक्टरांनी काम तर केलंय. १९८५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं: दिलेल्या पैशामागे दहा चांगले हेतू असोत, त्यातला एक जरी पेशंट खेचण्याचा असला तरी गुन्हा झाला. हा 'एक हेतू' आजही अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या वकिलांची झोप उडवतो.

फुकट गाडी, पण विमान नाही

कायद्यात काही सवलतीही आहेत. त्यांना म्हणतात 'सुरक्षित बंदरं'. या बंदरात नाव लावली की वादळ लागत नाही. एक बंदर पेशंटला ने-आण करण्याचं आहे. हॉस्पिटल पेशंटला फुकट गाडी देऊ शकतं, शहरात २५ मैलांपर्यंत, ग्रामीण भागात ७५ मैलांपर्यंत. पण गाडी आलिशान नको, विमान नको, अँब्युलन्स नको, या सोयीची जाहिरात नको, आणि ड्रायव्हरने वाटेत हॉस्पिटलचं गुणगान गायचं नाही. पेशंटला भेटवस्तू द्यायची तर एका वेळी १५ डॉलर आणि वर्षाला ७५ डॉलरच्या आत, रोख रक्कम तर नाहीच. हॉस्पिटलने डॉक्टरला दिवाळी-नाताळची भेट द्यायची तर वर्षाची मर्यादा मूळ नियमात ३०० डॉलर होती. ती महागाईबरोबर वाढते आणि २०२४ मध्ये ५०७ डॉलर झाली. हॉस्पिटलच्या आवारातला चहा-नाश्ता आणि राउंडला आल्यावर पार्किंग, यांचीही वेगळी व्यवस्था लावलेली आहे.

एक जेवण पुरतं

२०१० च्या आरोग्य कायद्याने अमेरिकेतल्या औषध कंपन्यांना सांगितलं: कोणत्या डॉक्टरला काय दिलंत ते जाहीर करा. सप्टेंबर २०१४ पासून ही माहिती सरकारी वेबसाइटवर सगळ्यांना खुली आहे. डॉक्टरचं नाव टाका, कोणत्या कंपनीने कधी किती डॉलरचं जेवण दिलं तेही दिसतं. संशोधकांच्या हाती खजिनाच लागला. २०१६ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये सुमारे २ लाख ८० हजार डॉक्टरांचा अभ्यास आला. कंपनीकडून फक्त एक जेवण घेतलेले डॉक्टरही त्या कंपनीचं महागडं ब्रँडेड औषध जास्त लिहीत होते. जेवणाची सरासरी किंमत २० डॉलरहून कमी होती. जेवणामुळेच औषध लिहिलं असं या अभ्यासातून सिद्ध होत नाही, संशोधकांनीही तसा दावा केला नाही. पण मिठाला जागणं म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

जेवणावरून औषधाच्या भाषणांपर्यंत मजल गेली, तेव्हा काय होतं ते इन्सिस कंपनीने दाखवलं. कॅन्सरच्या असह्य वेदनांसाठी असलेला फेंटानिलचा फवारा हे तिचं औषध. ते जास्त लिहिणाऱ्या डॉक्टरांना 'व्याख्यानाचं मानधन' दिलं जाई, आणि ऐकायला कित्येकदा कोणीही नसे. डोस वाढवायला उत्तेजन देणारा एक रॅप व्हिडिओ कंपनीच्या विक्री विभागाने बनवला होता. त्यात औषधाच्या बाटलीचा पोशाख चढवून नाचणारा माणूस कंपनीचा वरिष्ठ अधिकारी होता. तो व्हिडिओ बोस्टनच्या कोर्टात ज्युरीला दाखवण्यात आला. अमृतसरला जन्मलेले संस्थापक जॉन कपूर यांना जानेवारी २०२० मध्ये ६६ महिन्यांची शिक्षा झाली. या औषधाच्या व्यसनापायी ज्यांची माणसं गेली, त्यांच्यासाठी तो नाच काय असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

सही न करणारा एक सर्जन

साउथ कॅरोलायनातल्या सम्टर गावी ट्युओमी नावाचं धर्मादाय हॉस्पिटल होतं. डॉक्टर बाहेर ऑपरेशनं करू लागतील या धास्तीने त्याने १९ तज्ज्ञांशी अर्धवेळ नोकरीचे करार केले. अट एकच, ऑपरेशनं इथेच करायची. पगार इतका की डॉक्टर जेवढी फी मिळवून देत, त्याहून जास्त त्यांना मिळत होतं. एका अस्थिरोगतज्ज्ञाने सही केली नाही. उलट १८६३ च्या एका कायद्याखाली त्याने सरकारच्या वतीने दावा ठोकला. हा कायदा लिंकनच्या काळातला, यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्यांसाठी केलेला. खबर देणाऱ्याला त्यात वसुलीचा वाटा मिळतो.

ज्युरीने बिलं मोजली: २१,७३०. त्यांची रक्कम ३ कोटी ९३ लाख डॉलर, तिची तिप्पट. शिवाय दर बिलामागे ५,५०० डॉलर दंड, तो झाला ११ कोटी ९५ लाख. एकूण २३ कोटी ७४ लाख डॉलर, तेही एका गावच्या हॉस्पिटलला. २०१५ मध्ये ७ कोटी २४ लाखांवर तडजोड झाली आणि हॉस्पिटल दुसऱ्या संस्थेच्या ताब्यात गेलं. सही नाकारणाऱ्या सर्जनला सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर मिळाले. त्याचं मला कौतुक वाटतं, पण गावाने आपलं स्वतंत्र हॉस्पिटल गमावलं, याचंही वाईट वाटतं. कायदा एवढा जड असावा का, हा प्रश्न अमेरिकेतही विचारला गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये नियम बरेच सैल केले गेले.

महाडचा बाराशेचा चेक

हे सगळं वाचताना मला राहून राहून महाड आठवतं. विंचूदंशावरच्या उपचारांनी जगभर नाव झालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर तिथलेच. २०१३ मध्ये त्यांनी एका पेशंटला एमआरआयसाठी पाठवलं आणि त्यांच्या हाती १,२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. पाकीट तर अनेकांना येत होतं, त्याची तक्रार करणारा डॉक्टर मात्र विरळा. पुण्यातल्या 'साथी' संस्थेचे डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी अशाच ७८ डॉक्टरांना बोलतं केलं. या धंद्यात प्रामाणिक राहणाऱ्याचा कसा कोंडमारा होतो, ते त्यांच्या तोंडून बाहेर आलं.

आपल्याकडे नियम नाही असं नाही. २००२ च्या आचारसंहितेत पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घेणं-देणं स्पष्ट निषिद्ध आहे. पण ही संहिता डॉक्टरांपुरती. चेक काढणारं सेंटर किंवा हॉस्पिटल वैद्यक परिषदेच्या कक्षेत येत नाही. एक औषध कंपनी तर हाच मुद्दा घेऊन सुप्रीम कोर्टात गेली: बंदी डॉक्टरांवर आहे, मग आम्ही दिलेल्या सोन्याच्या नाण्यांचा, टीव्ही-फ्रिजचा खर्च करातून का वजा करू नये? फेब्रुवारी २०२२ मध्ये न्या. उदय लळित आणि न्या. रवींद्र भट यांच्या खंडपीठाने हा युक्तिवाद फेटाळला. भेट घेणं बेकायदा असेल तर देण्याचा खर्च वैध कसा, असा तो साधा विचार. मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठी नवी संहिता आली. एका औषधाची सॅम्पलची पाकिटं एका डॉक्टरला वर्षाला जास्तीत जास्त १२, असं त्यात मोजून दिलंय.

महाराष्ट्राने मात्र २०१७ मध्ये मोठी उडी घ्यायची तयारी केली होती. मुंबईत एका हृदयरोग हॉस्पिटलने 'डॉक्टरांना कमिशन नाही' अशा आशयाचे फलक लावले, डॉक्टरांच्या संघटनेने त्यावर आक्षेप घेतला आणि गदारोळ झाला. त्याच सुमारास माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. कट प्रॅक्टिसला ५ वर्षांपर्यंत कैद, असा मसुदा तयार झाला. त्यात देणारी संस्थाही येणार होती. त्यानंतर वर्षांमागून वर्षं गेली आणि मसुदा मसुदाच राहिला.

तोवर एक अमेरिकी नियम आपल्याकडे उद्या सकाळी सुरू करता येईल असा आहे. त्याला ना पोलीस लागतात, ना कोर्ट. २०११ पासून तिथला डॉक्टर मेडिकेअरच्या पेशंटला स्वतःच्याच दवाखान्यातल्या एमआरआय, सीटी किंवा पेट स्कॅनला पाठवत असेल, तर त्याच वेळी त्याने पेशंटच्या हातात एक कागद द्यायचा. 'तुम्ही हे दुसरीकडेही करून घेऊ शकता' असं त्यावर लिहिलेलं असतं, आणि खाली २५ मैलांच्या आतल्या किमान पाच दुसऱ्या सेंटरांची नावं, पत्ते आणि फोन नंबर.

आपल्याकडे कित्येक दवाखान्यांत टेबलावर चिठ्ठ्यांचं पॅड असतं. तपासण्यांची नावं, समोर टिक करायचे चौकोन, आणि माथ्यावर एकाच लॅबचं नाव. ते पॅड लॅबनेच छापून आणून दिलेलं असतं.